चिनी घड्याळं आणि लक्झरी बाजार: काय जमलंय, कुठे अडतंय

प्रश्न असा आला आहे: तीन हजार डॉलरच्या आसपासचं चिनी मेकॅनिकल घड्याळ घ्यावं का, त्या किमतीत ते स्विस घड्याळाच्या तोडीचं असतं का, आणि चिनी कंपन्या महागड्या घड्याळांच्या बाजारात खरोखर उभ्या राहतील का?

आधी थोडक्यात उत्तर देतो. घड्याळ घडवण्याचं कसब चीनकडे आहे आणि ते अगदी वरच्या दर्जाचंही आहे. कच्चेपणा दोन ठिकाणी आहे. एकाच मॉडेलची शंभर घड्याळं सारखी निघत नाहीत, आणि घड्याळ विकल्यावर दहा-पंधरा वर्षं त्याचे सुटे भाग मिळतील याची व्यवस्था नाही. महागडं घड्याळ घेणारा माणूस पैसे मोजतो ते बऱ्याच अंशी याच दोन गोष्टींसाठी. पुढचं सगळं उत्तर त्याभोवतीच फिरणार आहे.

‘चिनी घड्याळ’ या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची सरमिसळ झाली की चर्चाच फसते. पहिली, शेन्झेनसारख्या शहरांमधले स्वस्त आणि मजबूत घड्याळवाले. सॅन मार्टिनसारख्या नावाने डायव्हर घड्याळं विकणारे, मशीन कधी जपानी, कधी स्विस, कधी चिनी. दुसरी, जुने सरकारी कारखाने: तियांजिनचं सी-गल, शांघाय, बीजिंग, दानदोंगचं पीकॉक. स्वतःचं मशीन बनवतात ते मुख्यतः हेच. तिसरी, गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या डिझाइनवर भर देणाऱ्या कंपन्या: सिगा डिझाइन, बेहरेन्स, अतेलिए वेन. आणि चौथी, एकटे किंवा चार-सहा जणांच्या कार्यशाळेत काम करणारे स्वतंत्र घड्याळजी, ज्यांची घड्याळं हजारो डॉलरला जातात आणि तरी वर्षानुवर्षं प्रतीक्षा यादी असते. प्रश्नातलं तीन हजार डॉलरचं घड्याळ बहुतेक तिसऱ्या गटातलं असणार, पण त्याच्या पोटातलं मशीन दुसऱ्या गटातलं असतं. हे लक्षात ठेवा.

इतिहास इथे कामापुरता सांगतो, कारण आजच्या मशीनचे गुणदोष तिथूनच आले आहेत. तियांजिनमध्ये 1955 साली पहिलं चिनी मनगटी घड्याळ जुळवलं गेलं. शांघाय कारखान्याचं ए-581 हे 1958 पासून तयार होऊ लागलं, बीजिंगचा कारखानाही त्याच वर्षीचा. 1970 च्या दशकात सरकारने देशभरच्या कारखान्यांना एकच आराखडा दिला. त्याला ‘थोंगजी’ म्हणजे एकसारखं मशीन म्हणतात: 17 ज्वेल (चाकांच्या आसांची टोकं ज्यात फिरतात ते खडे), ताशी 21,600 ठोके. कोणत्या प्रांतातून आलंय हे न बघता त्यात सुटे भाग बसावेत ही कल्पना होती. उत्पादन प्रचंड वाढलं, घड्याळ सामान्य माणसाच्या मनगटावर आलं. पण डझनावारी कारखान्यांमध्ये ‘चालतंय ना, मग पुरे’ ही सवय मुरली. बॅटरीवरचं क्वार्ट्झ घड्याळ आल्यावर त्यातले बहुतेक कारखाने बंद पडले. जे उरले त्यांनी युरोपीय मशीनच्या प्रती काढून आणि टूर्बियाँ (फिरत्या पिंजऱ्याचं घड्याळ, त्याबद्दल पुढे) बनवून पोट भरलं.

आता एका मशीनकडे जवळून बघू, कारण त्यात चिनी घड्याळाची सगळी कुंडली सापडते. सी-गलचं एसटी19. हे चावीचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मशीन. मूळ आराखडा स्वित्झर्लंडच्या व्हीनस 175 चा. त्याची यंत्रसामग्री 1961 च्या सुमारास चीनने विकत घेतली, हवाई दलाच्या वैमानिकांसाठी घड्याळ बनवायचं म्हणून. ‘प्रकल्प 304’ हे त्याचं नाव. पहिले नमुने 1963 चे, म्हणूनच आज ‘1963’ या नावाने त्याची पुनरावृत्ती विकली जाते. आधीचं मशीन ताशी 18,000 ठोक्यांचं, आजचं 21,600 चं. यात कॉलम व्हील (क्रोनोग्राफचं सुरू-बंद सांभाळणारं खांबांचं चाक) आणि आडवा क्लच आहे. कॉलम व्हीलचं क्रोनोग्राफ स्विस बाजारात घ्यायला गेलात तर बहुतेक वेळा काही हजार मोजावे लागतात. एसटी19 बसवलेलं घड्याळ तीन-चारशे डॉलरच्या आसपास मिळतं. हा आकडा पाहून लोक हुरळून जातात, आणि त्यात त्यांचं चुकतंय असंही नाही. आराखडा खरोखर सुंदर आहे.

मागचं झाकण उघडून भिंगाखाली धरा. क्रोनोग्राफचं बटण दाबलं की एका तरफेवरचं छोटं चाक (हाच तो आडवा क्लच) सरकत येऊन मधल्या क्रोनोग्राफ चाकात अडकतं. दोन्ही चाकांचे दाते अगदी बारीक. कधी दाता दात्यावर टेकतो आणि सेकंदकाटा सुरुवातीलाच पुढे उडी घेतो. थोडी उडी हा या रचनेचाच स्वभाव, महागड्या स्विस मशीनमध्येही ती असते. पण ती किती असावी हे एका विकेंद्री स्क्रूवर ठरतं. तो फिरवला की दाते किती खोल बसतात ते बदलतं. खोली जास्त झाली तर चाकं घासतात आणि बॅलन्सचा, म्हणजे चाल ठरवणाऱ्या झुलत्या चाकाचा, झोत (तो किती अंश झुलतो ते) कोसळतो. कमी झाली तर काटा थरथरत चालतो किंवा मध्येच घसरतो. कारखान्यातून निघालेल्या दोन एसटी19 मध्ये हा स्क्रू दोन वेगळ्या जागी लावलेला सापडतो. एक घड्याळ उत्तम चालतं, दुसरं क्रोनोग्राफ सुरू केल्यावर दिवसाला अर्ध्या-पाऊण मिनिटाने मागे पडतं. भाग तेच, आराखडा तोच. शेवटची वीस मिनिटांची जुळवणी एकाला मिळाली, दुसऱ्याला नाही.

तीच गत मिनिटमोजणीच्या बोटाची. सेकंदकाट्याची एक फेरी झाली की ते बोट 30 मिनिटांच्या चाकाला एक दाता पुढे ढकलतं. बोट जरा लांब राहिलं तर एकदम दोन दाते उडतात, आखूड पडलं तर मिनिट मोजलंच जात नाही. आणि तेल. अशा मशीनमध्ये चार प्रकारची वंगणं लागतात (आकडे ही त्यांची नावं): वेगवान चाकांच्या चुळींना (आसांच्या टोकांना) आणि बॅलन्सच्या ज्वेलना 9010, पॅलेटच्या (बॅलन्सला ठोका देणाऱ्या तरफेच्या) खड्यांना 9415, संथ चाकांना एचपी1300, मुख्य कमानीच्या डब्यात 8200 च्या जातीचं ग्रीस. नवीन घड्याळ उघडलं आणि पॅलेटचे खडे कोरडे दिसले किंवा ज्वेलभोवती तेलाचं तळं दिसलं, तर समजा की एकाच पिचकारीने सगळीकडे तेल सोडलं आहे. ही कुवतीची उणीव म्हणता येत नाही. त्या किमतीत कामगाराला तेवढा वेळच दिलेला नसतो. पण परिणाम तुमच्या मनगटावर दिसतो.

म्हणून तीनशे डॉलरचं एसटी19 घ्यावं आणि त्यात दीड-दोनशे डॉलर चांगल्या घड्याळजीकडे सर्व्हिसिंगला घालावेत. उत्तम तेल आणि नीट जुळवणीनंतर ते दिवसाला 5 ते 8 सेकंदांच्या आत चालवता येतं. एवढ्या पैशांत कॉलम व्हील असलेलं दुसरं नवं घड्याळ सहसा मिळत नाही, हे मी ठामपणे म्हणतो.

टूर्बियाँबद्दल मात्र सावध करावंसं वाटतं. घड्याळजी ब्रेगे यांनी 1801 मध्ये त्याचं पेटंट घेतलं तेव्हा खिशातलं घड्याळ दिवसभर उभं असायचं, त्या उभ्या स्थितीतली चूक सरासरीत विरून जावी म्हणून बॅलन्स आणि पॅलेट एका पिंजऱ्यात बसवून तो पिंजरा फिरवायचा. मनगट सतत हलतं, तिथे त्याचा उपयोग तसा नाममात्र. चिनी जगात पहिलं टूर्बियाँ हाँगकाँगच्या किउ ताई-यू यांनी 1991 मध्ये बनवलं. मुख्य भूमीवर बीजिंग कारखान्यात श्यू याओनान यांनी त्याच दशकात. पुढे सी-गलने ते कारखान्यातून काढायला सुरुवात केली आणि किंमत पार खाली आली. टॅग हॉयरने 2016 मध्ये 14,900 फ्रँकचं टूर्बियाँ आणलं तेव्हा स्विस जगात ‘इतकं स्वस्त?’ म्हणून खळबळ झाली. आज चिनी टूर्बियाँ पाच-सहाशे डॉलरला मिळतं.

पण सर्व्हिसिंगच्या टेबलावर ते आलं की खरा भाव कळतो. पिंजऱ्याच्या चुळींना वर-खाली हलायला अगदी नेमकी मोकळीक लागते. ती जास्त असेल तर घड्याळ आडवं आणि उभं धरल्यावर दोन वेगळ्या चालीने चालतं. कमी असेल तर थंडीत बंद पडतं. स्वस्त टूर्बियाँमध्ये बॅलन्सचा झोत 220-240 अंशांतच अडकलेला असतो, मग तेल थोडं जरी सुकलं तरी चाल बिघडते. पिंजऱ्याचे स्क्रू इतके लहान की एकाची खाच घसरली तर अख्खा पिंजराच टाकावा लागतो. सुटा पिंजरा कोणी विकत नाही. त्यामुळे दुरुस्तीपेक्षा पूर्ण मशीन बदलणं स्वस्त पडतं, आणि पाच वर्षांनी तेच मशीन मिळेल याची खात्री नसते. बघायला म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या. नातवंडांना द्यायचं म्हणून घेऊ नका.

आता तीन हजार डॉलरच्या गटाकडे येऊ. अतेलिए वेन ही 2018 मध्ये दोन फ्रेंच तरुणांनी सुरू केलेली कंपनी. ‘मेड इन चायना’ हे लपवण्याऐवजी त्यांनी तेच पुढे केलं. पहिल्या घड्याळाची डायल चिनी मातीची होती. 2022 च्या ‘पर्सेप्शन’ मालिकेत डायलवर हाताने चालवलेल्या यंत्रावरचं गिलोशे आहे, ते चेंग यूचाई या कारागिरांनी उभं केलेलं काम. गिलोशे म्हणजे धातूवर बारीक रेघांची नक्षी कापणं. छापून किंवा दाबून काढलेली नक्षी आणि कापलेली नक्षी यांतला फरक भिंगाखाली चटकन दिसतो. कापलेल्या रेघेची कड धारदार असते, तिच्या उतारावर प्रकाश एका झटक्यात पलटतो. दाबलेल्या नक्षीत तीच कड गोलसर आणि मऊ दिसते. हाताने कापलेली डायल स्विस बाजारात घ्यायची तर बहुतेक वेळा याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. आत पीकॉकचं ऑटोमॅटिक मशीन. डायल, केस, पट्टा या तिन्हींत हे घड्याळ पैसे वसूल करतं. मशीन ठीक आहे, त्याच्या सजावटीत त्या किमतीची झळाळी नाही. मात्र तीन हजारांच्या बहुतेक स्विस घड्याळांमध्येही सेलिटा किंवा एटा या स्विस मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचं कारखानी मशीनच असतं, हे विसरून तुलना करू नये.

फिनिशिंग कसं तपासायचं ते एकदा नीट सांगतो, कारण इथेच लोक फसतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग पुरे. आधी पुलांच्या, म्हणजे चाकांना वरून धरणाऱ्या पट्ट्यांच्या, कडा बघा. यंत्राने तासलेली कड सगळीकडे एकाच रुंदीची असते, पण आतल्या कोपऱ्यात ती गोल होते, कारण फिरणारं हत्यार टोकदार कोपऱ्यात शिरत नाही. हाताने घासलेल्या कामात आतला कोपरा सुरीसारखा टोकदार येतो. मग पोलादी भाग: चाल जुळवणारा हंसमानेच्या आकाराचा रेग्युलेटर, टूर्बियाँचा पूल. खऱ्या काळ्या पॉलिशमध्ये पृष्ठभाग एका कोनात आरशासारखा पांढरा आणि जरा कलता केला की कोळशासारखा काळा दिसतो, मधली करडी छटा येत नाही. करडी छटा आली किंवा आरशातलं प्रतिबिंब लहरत असेल तर ते फेल्टच्या चाकावरचं झटपट पॉलिश. त्यानंतर स्क्रूची खाच, तिच्या कडाही तासलेल्या हव्यात. शेवटी चाकांचे आरे, जिथे कोणी बघत नाही. तिथे छाटणीचे बुरे राहिले असतील तर वरच्या जिनीव्हा पट्ट्या (पुलांवरची रेघांची नक्षी) फक्त गिऱ्हाईकासाठी आहेत हे ओळखावं.

या कसोटीवर चौथा गट, म्हणजे स्वतंत्र चिनी घड्याळजी, सहज उतरतात. चोंगचिंगचे चिन गान यांचं ‘पास्तोराल’ घ्या. फक्त वेळ दाखवणारं चावीचं घड्याळ, मोठा संथ बॅलन्स, टोकदार आतले कोपरे. ते बघताना कारागीर कोणत्या देशाचा हा विचार मनात येत नाही. स्वतंत्र घड्याळजींच्या एएचसीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेत चिनी सदस्यही आहेत. बक्षिसंही आता येतायत: जिनीव्हाच्या ग्रां प्री या घड्याळांच्या स्पर्धेत 2021 साली सिगा डिझाइनच्या ‘ब्लू प्लॅनेट’ला चॅलेंज पारितोषिक मिळालं, ते तिथलं पहिलं चिनी यश. 2025 मध्ये फाम अल हुत या लहान कंपनीच्या ‘मोबियस’ला धाडसाचं पारितोषिक मिळालं, त्यात दोन अक्षांवर फिरणारं टूर्बियाँ आहे. बेहरेन्सने व्हियानी हाल्तेरसारख्या नामवंत स्वतंत्र घड्याळजीसोबत काम केलंय. ही परीक्षा जिनीव्हात होते, परीक्षक बहुतांशी पाश्चात्त्य असतात. म्हणजे कसबाबद्दलचा वाद आता मिटायला हरकत नाही.

मग अडतंय कुठे? एक उपाय चिनी भांडवलाने आधीच करून पाहिला: स्विस नावच विकत घेणं. एबोर आणि रोसिनी या चिनी ब्रँडची मालक असलेली कंपनी, तेव्हाची चायना हायदियान आणि नंतरची सिटीचॅम्प. तिने 2011 मध्ये एटेर्ना घेतलं आणि 2013 मध्ये कोरम, 86 दशलक्ष फ्रँक मोजून. कोरम पुन्हा चमकलं नाही, आणि 2025 मध्ये ते तिथल्याच व्यवस्थापनाच्या हाती परत गेलं. नाव विकत मिळतं, पण दुकानदारांचा विश्वास, सर्व्हिसची साखळी आणि जुन्या घड्याळांची सेकंडहँड किंमत त्यासोबत आपोआप येत नाही. फियाताची वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. शेन्झेनची ही कंपनी 1987 ची. 2003 मध्ये अंतराळवीर यांग लिवेई शेन्झोउ-5 मधून अवकाशात गेले तेव्हा त्यांच्या मनगटावर फियाता होतं. त्याच कंपनीची हार्मनी ही स्विस घड्याळं विकणाऱ्या दुकानांची साखळीही आहे. महाग घड्याळ घेणाऱ्याला काउंटरवर काय हवं असतं हे ती रोज बघते.

‘स्विस मेड’च्या पाटीबद्दलही इथेच बोलून घेतो. 1 जानेवारी 2017 पासूनचा नियम असा की घड्याळाच्या उत्पादनखर्चाचा किमान 60 टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये व्हायला हवा. मशीनच्या खर्चाचाही 60 टक्के, आणि मशीनच्या सुट्या भागांपैकी मूल्याने निम्मे तरी स्विस हवेत. उरलेल्या खर्चात केस, डायल, काटे, पट्टा हे बाहेरून येऊ शकतं, आणि मधल्या किमतीच्या घड्याळांत ते चीनमधून येतंही. स्विस मजुरी महाग असल्याने 60 टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये दाखवणं फारसं अवघड नसतं. तेव्हा हजार-बाराशे फ्रँकचं स्विस घड्याळ आणि पाचशे डॉलरचं चिनी घड्याळ यांची केस एकाच गावातून आलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

मशीनचा दर्जा मात्र स्विसवाले लिहून देतात, आणि इथे चिनी विक्रेत्यांनी शिकायला हवं. एटा 2824 चार प्रतींत मिळतं: स्टँडर्ड, एलाबोरे, टॉप आणि क्रोनोमीटर. स्टँडर्ड दोन स्थितींत (आडवं, उभं अशा) जुळवलेलं, दिवसाला अधिक-उणे 12 सेकंद; एलाबोरे तीन स्थितींत, 7 सेकंद; टॉप पाच स्थितींत, 4 सेकंद. वरच्या प्रतीत बॅलन्स आणि बाल कमानही (बॅलन्सला झुलवणारी केसासारखी स्प्रिंग) वेगळ्या धातूची. क्रोनोमीटरला सीओएससी या स्विस तपासणी संस्थेची 15 दिवसांची, पाच स्थितींतली आणि 8, 23 व 38 अंश तापमानांतली चाचणी, मर्यादा उणे 4 ते अधिक 6. चिनी कारखान्यांतही प्रतवारी असते. पण घड्याळाच्या पानावर ‘हाय ग्रेड’ एवढंच लिहिलेलं असतं आणि कोणती प्रत ते विचारलं तर उत्तर येत नाही. हाँगकाँगचं पीटी5000 हे 2824 वर बेतलेलं, ताशी 28,800 ठोक्यांचं मशीन. एक दिवसाला 3 सेकंद पुढे जाणारं, दुसरं 18 सेकंद, असंही सापडतं. दोन्ही घड्याळं एकाच किमतीला.

म्हणून घेण्याआधी विक्रेत्याला मशीनचा नेमका क्रमांक विचारा आणि तुमच्याच घड्याळाचा टाइमग्राफरवरचा (चाल मोजणाऱ्या यंत्रावरचा) फोटो मागा, पूर्ण चावी दिलेल्या अवस्थेत, किमान तीन स्थितींत. फोटोत लिफ्ट अँगल (झोत मोजण्यासाठी यंत्रात भरायचा, त्या मशीनचा ठरलेला कोन) किती लावलाय ते आधी बघा. 2824 ला 50 अंश, एटाच्याच 2892 ला 51, सीकोच्या एनएच35 ला 53. बहुतेक यंत्रं आपोआप 52 धरतात. हा आकडा चुकीचा असेल तर झोताचा आकडाही चुकीचा येतो, आणि काही विक्रेते झोत जास्त दिसावा म्हणून तो मुद्दाम वाढवतात. डायल वर ठेवून झोत 270 ते 310 अंश असावा, उभ्या स्थितीत त्यात 30-40 अंशांची घट चालेल. 320 च्या बराच पुढे गेला तर बॅलन्स आपटू शकतो आणि घड्याळ अचानक मिनिटांनी पुढे पळतं. बीट एरर, म्हणजे ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांच्या अंतरातला फरक, 0.6 मिलिसेकंदाच्या आत हवी. सगळ्यात महत्त्वाचं, वेगवेगळ्या स्थितींतल्या चालीतला फरक. सगळीकडे अधिक 8 असेल तर दोन मिनिटांत जुळवता येतं. डायल वर अधिक 4 आणि चावी खाली उणे 16 असेल तर बाल कमान किंवा बॅलन्सचा तोल बिघडलेला आहे, आणि ते काम लांबतं.

घड्याळ हातात आल्यावर घाईने मनगटावर बांधू नका. चावीचं असेल तर पूर्ण चावी द्या, ऑटोमॅटिक असेल तर 30-40 फेरे. चोवीस तासांनी पुन्हा टाइमग्राफरवर धरा. झोत 220 च्या खाली गेला असेल तर मुख्य कमान किंवा तेल यांत काहीतरी आहे. तारीख मध्यरात्रीच्या आसपास बदलते का ते बघा. क्रोनोग्राफ दहा वेळा सुरू-बंद करून शून्यावर आणा. काटा प्रत्येक वेळी बरोब्बर बारावर थांबला पाहिजे. चाल अचानक 20-30 सेकंदांनी पुढे दिसली तर आधी चुंबकत्व काढा, प्रवासात स्पीकरजवळ ठेवलेलं पार्सल चुंबकावून येतं. पाण्यात घालायचं असेल तर इथेच हवेच्या दाबाची कोरडी चाचणी करून घ्या. झाकणावर 200 मीटर लिहिलेलं असलं तरी रबरी गॅस्केट वाकडी बसलेली सापडते.

आता सुटे भाग. भारतात राहून विचार करताना हाच मुद्दा मी सगळ्यात वर ठेवतो. एचएमटीचं घड्याळ कंपनी बंद पडल्यावरही मुंबई-पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानांत चालू करून मिळतं, कारण लाखोंनी बनलेल्या त्या मशीनचे भाग, जुनी घड्याळं आणि ती ओळखणारे हात अजून आहेत. पीटी5000 किंवा सी-गलचं एसटी21 हे एटा 2824 वर बेतलेले असल्याने त्यांना बरेच एटाचे आणि सेलिटाचे भाग बसतात. एनएच35 तर पूर्णच बदललं तरी परवडतं. पण पीकॉकच्या किंवा एखाद्या लहान कंपनीच्या खास मशीनची बाल कमान तुटली तर भारतात ती मिळणार नाही. घड्याळ कारखान्याकडे पाठवावं लागतं. तेव्हा दुरुस्तीसाठी बाहेर जातंय असे निर्यातीचे कागद आधी करून घ्या, नाहीतर परत येताना कस्टम पूर्ण किमतीवर शुल्क लावतं आणि आधी भरलेलं पुन्हा भरावं लागतं. घेतानाच विक्रेत्याला एक मेल लिहा: या मशीनची मुख्य कमान, चावीचा दांडा, पूर्ण बॅलन्स आणि गॅस्केटचा संच सुटा विकाल का, आणि कितीला. उत्तरात किमती आल्या तर ती कंपनी गंभीर आहे. ‘वॉरंटी आहे, काळजी करू नका’ एवढंच आलं तर दोन वर्षांनंतर काळजी तुम्हालाच करायची आहे.

भारतीय गिऱ्हाइकासाठी अजून एक हिशेब बदलतोय. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटातला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला, त्यात स्विस घड्याळांवरचं सीमाशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. चिनी घड्याळाला अशी सवलत नाही. आज तीन हजार डॉलरला चिनी घड्याळ उजवं वाटत असेल, तर 2030 मध्ये मुंबईत हा तराजू थोडा स्विस बाजूला झुकलेला असेल.

खुद्द चीनमध्ये वारं उलटं आहे. 2024 मध्ये चीनला होणारी स्विस घड्याळांची निर्यात आदल्या वर्षापेक्षा जवळपास 26 टक्क्यांनी घसरली. घरबांधणीतली मंदी आणि खर्च करायला कचरणारा मध्यमवर्ग ही मोठी कारणं. सोबत तरुण गिऱ्हाइकांमध्ये ‘ग्वोछाव’, म्हणजे देशी शैलीचा अभिमान, वाढला आहे. पण घसरलेली स्विस विक्री जशीच्या तशी चिनी घड्याळांकडे वळली असं समजू नका. पन्नास हजार युआनचं घड्याळ न घेणारा माणूस बहुतेक वेळा ते पैसे बँकेत ठेवतो किंवा सोनं घेतो. चिनी ब्रँडना यातून मिळाली आहे ती संधी: आपल्याच देशात, आपल्याच भाषेत, दुरुस्तीचं केंद्र हाताशी ठेवून एक विश्वासू गिऱ्हाईक तयार करण्याची.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे. तीन हजारांत डायल आणि केसची कारागिरी हवी असेल, आणि वर लिहिलेल्या मेलला सुट्या भागांच्या किमतींसह उत्तर आलं असेल, तर घ्या. याच पैशांत वीस वर्षं कुठेही दुरुस्त होईल असं रोजचं घड्याळ हवं असेल, तर एटा किंवा सेलिटाचं मशीन असलेलं घ्या, मग डायलवर नाव कोणत्याही देशाचं असो. आणि कुतूहल म्हणून सुरुवात करायची असेल तर एसटी19 चं 1963 घ्या, सर्व्हिसिंगचे पैसे बाजूला ठेवा, आणि घड्याळजीला सांगा की क्लचची खोली क्रोनोग्राफ चालू ठेवूनच तपास, झोत 30 अंशांपेक्षा जास्त पडता कामा नये.